देवीच्या दिव्यापाशी ठेवलेला मेणाचा ठोकळा

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पांढरकवड्याच्या शिवारातल्या कापसाची वाट लावली, आणि माझ्या डोक्यातही काहीतरी घुसलं. मी जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचो. बाजूचं दिसेनासं झालं, म्हणून एकदा शेठच्या म्हशीला धडकलो आणि माणूस समजून हात जोडून तिची माफी मागितली. जिनिंगभर हसू झालं. तपासलं, तर मेंदूच्या तळाशी, पीयूष ग्रंथीवर गाठ निघाली. नागपूरला ती नाकातून काढली. नजर परतली, पण डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. मात्र काही गाठी भोवतालच्या हाडात घुसतात, पुन्हा वाढून डोळ्यांची नस दाबतात. तुमची तशी आहे का, ते तिच्या पेशींमधल्या खुणांवरून कळेल." गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून माझ्याच हाती दिला. तो हैदराबादच्या लॅबमध्ये पोचवायचा होता.

वाटेत गावी उतरून आमच्या देवीच्या देवळात शिरलो तो संतापूनच. इतके मंगळवार धरले, एवढे नारळ फोडले, आणि हिनं मला हे द्यावं? वर लॅबवाले सांगणार माझे डोळे राहतील की जातील! "आधी तूच वाच," असं बजावून, तिला नीट दिसावं म्हणून ठोकळा अखंड दिव्याला टेकवला आणि डोळे मिटून भांडत बसलो.

"अवो दादा, बिनवातीची मेणबत्ती कायले लावली?"

डोळे उघडले तर तेल घालायला आलेली एक अनोळखी बाई, आणि ठोकळ्याची कड ओघळत होती.

"हात नका लावू! माह्या डोक्यातली गाठ हाये थे!" मी ओरडलो.

"मंग दिव्यावर भाजून काहून राह्यले? देवी का डॉक्टर हाये?" असं म्हणत तिनं ठोकळा उचलून स्वतःच्या तांब्यातल्या पाण्यात बुडवला. मी तिच्यावरही खेकसलो. मेण घट्ट झालं तेव्हा कुठे ठोकळा पुसून रुमालात बांधला. मागे वळलो, तर ती निघून गेली होती. पुढे पुष्कळ विचारलं; कुणालाच ती आठवेना.

लॅबवाल्यानं मला वेड्यात काढलं, पण तुकडा शाबूत होता. मेण पुन्हा ओतून तपासणी झाली. अहवाल आला: घुसण्याच्या खुणा आहेत, पण ती घुसेलच असं नाही, दरवर्षी तपासत राहा. एवढा आटापिटा करून नुसता अंदाज? तणतणत पुन्हा देवळात गेलो. देवीकडे पाहिलं, आणि मान न वळवता दोन्ही बाजूंना ओट्या भरणाऱ्या बाया दिसल्या, त्यांच्या हातातल्या बांगड्यांसकट. तोंडाशी आलेलं भांडण तिथेच थांबलं. राग अजून येतो. पण डोळे किती वर्षं राहतील, हे मी देवीला विचारत नाही. आज दिसतंय, म्हणून आज जाऊन तिला पाहून येतो.