सेलिया मॅडमची सात गाणी

गाणं सुरू करायच्या आधी सेलिया मॅडम फ्रिज बंद करायच्या. मग पंखा. सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघे भाडेकरू, समोरासमोरच्या खोल्यांत. घरमालकीण आंटी सिंगापुरी ढंगात कुरकुरायच्या, "माझे मासे खराब होतील लाह. आणि इतकं हळू गाते, हॉटेलात कुणाला ऐकू तरी जातं का?"

मॅडम ब्राझीलच्या, साठीच्या. तरुणपणी रिओत त्यांनी बोसा नोव्हा या तिथल्या हळुवार शैलीतली गाणी रचली, ती दुसऱ्या गायकांच्या रेकॉर्डवर गाजली. त्यांची स्वतःची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. मग प्रवासी जहाजांवर गायल्या, टोकियोत गायल्या, आणि शेवटी सिंगापूरच्या एका हॉटेलात संध्याकाळी गिटार घेऊन बसू लागल्या. मी जयंतीच्या कर्ण्यांखाली वाढलेला. आमच्याकडे गाणं शेवटच्या गल्लीपर्यंत पोचायला हवं. तसं त्यांना म्हणालो, तर हसून म्हणाल्या, "इंजिनिअर, मुलगी पाळण्यात असताना मी गाणी केली. ती जागी होणार नाही एवढ्याच आवाजात. पुढे तोच माझा आवाज झाला."

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायचं म्हटलं की एका दमात सगळं उरकून टाकायचो. मॅडमनी आठवडाभर मला टेबलाशी बसवून प्रेझेंटेशन म्हणवून घेतलं. "शब्दांवर धावून जातोस. आधी श्वास घे. लोक थांबतात." लोक खरंच थांबले. माझी नोकरी टिकली ती त्यामुळे.

२००६ साली डॉक्टरांनी त्यांच्या घशात गाठ सांगितली. ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "माझी गाणी इतरांनी गायली. मी गायलेलं मुलीकडे एकही नाही. सात गाणी रेकॉर्ड करशील?" माझं काम जहाजांच्या इंजिनांचे आवाज तपासण्याचं, त्यामुळे चांगला माइक माझ्याकडे होता. दोन रविवारी सातही गाणी झाली.

मग आठवडाभर बसून मी ऑफिसात करतो तेच केलं. नको तो आवाज काढून टाकला. तारेवर घसरलेलं बोट, खुर्चीची कुरकुर, दोन ओळींमधला श्वास. ऑफिसच्याच सवयीने साफ केलेली फाइल जुन्या फाइलवर सेव्ह केली. मॅडमना माझ्या हातून काहीतरी उत्तम मिळावं, एवढंच मनात होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी हेडफोन लावून पहिलं गाणं पूर्ण ऐकलं.

"इंजिनिअर, यात मी श्वास कुठे घेते?"

"तो नॉइज होता, मॅडम. काढला."

"आधीचं आहे ना?"

"नाही."

त्यांनी गिटार घेतली, एक ओळ म्हटली. आवाज फाटला. गिटार हळूच पेटीत ठेवत म्हणाल्या, "फार स्वच्छ झालंय. मेलेल्या बाईला आंघोळ घालतात तसं." मग माझा चेहरा पाहून त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

आवाज परत आला नाही. मॅडम सीडी घेऊन रिओला मुलीकडे गेल्या आणि दोन वर्षांनी वारल्या. अजूनही एमआरटी ट्रेनमध्ये शेजारच्या कुणी बोलण्याआधी श्वास घेतला की मी दचकतो. वाटतं, आता ओळ सुरू होईल. मी वाट पाहतो. ओळ येत नाही.

त्या वारल्यावर त्यांच्या मुलीची ईमेल आली होती. आईच्या गाण्यात तिचा श्वास ऐकू यायचा, लहानपणी मी त्यावरच झोपायचे, असं तिने लिहिलं होतं. या सीडीत तो नाही, तुमच्याकडे दुसरी प्रत आहे का?

मी 'नाही' एवढंच कळवलं. का नाही, ते तिला अजून लिहिलेलं नाही.