काठी टेकली की थांबायचं

मी पुण्याला नोकरीसाठी निघाले त्या दिवशी तीर्थपुरीच्या स्टँडवर जालन्याची गाडी लागली तेव्हा माझी काठी बाबांच्या हातात होती. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, दोन्ही टोकांना सुतळी. कंडक्टरने ती बघितली आणि म्हणाला, एवढी लांब आत नेली तर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल. बाबा वाद घालणाऱ्यातले नाहीत. त्यांनी काठी मागे घेतली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हातात काठी न्हाई तरी पायात पवित्रा हाय. काठीभर अंतर ठेव, मंग कुणाच्या बापाला भ्यायचं काम न्हाई." गाडी हलली. मी वळून पाहिलं तर ते काठी जमिनीला टेकवून तसेच उभे होते. मागे वळून बघायची सवय मला लहानपणापासूनची. आई म्हणायची, "ही पोरगी पान्याला गेली तरी धा डाव माघं बघती."

बाबा शाळेत शिपाई. पण आमच्या वस्तीत त्यांना सगळे वस्ताद म्हणतात. एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी ते दोन महिने आधीपासून विहारासमोरच्या मोकळ्या जागेत पोरापोरींना काठी शिकवतात. आधी पाय, मग मनगट, मग फिरकी. समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, पावलांकडे बघायचं. आणि सगळ्यांच्या वर एक नियम, तो मोडलेला त्यांना बिलकुल चालत नसे: काठी अंगाला टेकली की थांबायचं. ज्याला टेकली त्याने "टेकली" म्हणायचं, दोघांनी हात खाली सोडायचे आणि पुन्हा सलामीपासून सुरुवात करायची. नववीत असताना मी रागाच्या भरात टेकल्यावरही मैत्रिणीच्या खांद्यावर दुसरा वार केला. बाबा ओरडले नाहीत. त्या वर्षी त्यांनी मला मिरवणुकीत काठी दिली नाही. सबंध मिरवणूक मी रडत बायकांच्या मागून चालले. तो नियम त्या दिवशी माझ्या हाडात गेला.

पुण्यात मी एका तपासणी केंद्रात रक्ताचे नमुने घेते. पहिलं वर्षभर मी नुसती घाबरलेली होते. खोलीला दोन कड्या लावायचे, झोपण्याआधी दोन्ही हलवून बघायचे आणि अंथरुणावर पडल्यावर पुन्हा उठून बघायचे. बाबांचं काठीभर अंतर इथे मिळणार कुठे? बसमध्ये वीतभर मिळत नाही. शेवटी आमच्या केंद्राच्या वरच्या मजल्यावर मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा क्लास होता, तिथे नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात सरावासाठी समोर बँकेत काम करणारी एक मुलगी आली. माझी मूठ तिच्या हनुवटीला टेकली आणि मी सवयीने हात खाली सोडले. तिने मला उचलून गादीवर आपटलं. कोच म्हणाले, "थांबलीस का? तिने टॅप कुठे केलं?"

टॅप म्हणजे गादीवर हाताने थापटायचं. ज्याचा श्वास कोंडलाय, हात पिरगाळलाय, त्याने थापटायचं, मग समोरचा सोडतो. मला हे पचायला फार दिवस लागले. आमच्याकडे नुसती टेकली तरी मारणारा थांबतो. इथे मार खाणारा हरल्याचं सांगेपर्यंत कुणी थांबत नाही.

कोच माणूस चांगला, पण काठी म्हणजे मिरवणुकीतला देखावा, रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य, हे त्यांचं ठाम मत. मला राग यायचा. कारण त्यांच्याच क्लासात पायांच्या बाबतीत मला कुणी गाठू शकत नव्हतं. पण अंतर संपल्यावर, माणूस अंगावर आल्यावर काय करायचं, हे मला बाबांनी कधी शिकवलं नव्हतं हेही खरं. ते मी इथेच शिकले. घरी फोनवर मात्र यातलं काही बोलले नाही. वस्तादाच्या पोरीने दुसऱ्याकडे क्लास लावला हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

मग मागच्या उन्हाळ्यातली ती दुपार. बांधकामाच्या पत्र्यांमधून जाणारी वाट. एका माणसाने पत्ता विचारला. तोंड रस्त्याकडे, पण त्याची पावलं माझ्याकडे वळलेली होती. ते मला दिसलं, म्हणून मी आधीच एक पाऊल मागे घेतलं होतं. तरी त्याने मनगट धरलं. क्लासात शिकवलं होतं तसं मी अंगठ्याच्या बाजूने मनगट फिरवून सोडवलं आणि कोपर त्याच्या नाकावर मारलं. रक्त आलं. इथवर सगळं बरोबर होतं.

आणि मी थांबले. हात खाली सोडून उभी राहिले. टेकली होती ना. त्याने मला पत्र्यावर ढकललं. पत्र्याच्या कडेने डावा हात चिरला. बांधकामावरच्या दोन बायका घमेली टाकून ओरडत धावल्या म्हणून तो पळाला. हाताला सात टाके पडले. घरी सांगितलं, पाय घसरला.

हे असंच दडून राहिलं असतं. पण धाकट्या बहिणीचं, करुणाचं, नर्सिंग झालं, तिला इथल्या दवाखान्यात नोकरी लागली आणि बाबा फोनवर खुशीत म्हणाले, "तिची काय काळजी न्हाई मला. तुझ्यापरीस बराबर शिकलीया. येकदाबी नियम मोडला न्हाई पोरीनं." आठवडाभर मला पत्र्यांची वाट दिसत होती आणि तिथे हात खाली सोडून उभी असलेली करुणा.

शुक्रवारी मी बाबांना सगळं सांगितलं. क्लाससुद्धा. पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला.

"कोन्ता हात?"

"डावा."

मग म्हणाले, "म्या ते आपल्या लेकरांसाठी शिकवलं व्हतं, बाई. समोर आपलंच लेकरू असतंया, त्याला लागू नये म्हून. रस्त्यावरचा मानूस आपला न्हाई, हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं माझ्याकडून." आणि म्हणाले, "करुणाला तूच सांग. माझ्या तोंडून न्हाई निघायचं."

रविवारी करुणा माझ्या खोलीवर राहायला आली. चहा झाल्यावर मी गादी खाली टाकली आणि तिचं मनगट धरलं. तिने झटक्यात सोडवलं, तळवा माझ्या गालाला टेकवला आणि हात खाली सोडून हसली. मी तिला ढकललं. ती गादीवर बसलीच.

"ताई, टेकली व्हती की."

"टेकली होती. ऊठ."

दुसऱ्यांदा ती थांबली. तिसऱ्यांदाही. चौथ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ती म्हणाली, "मला न्हाई जमत." मी तिला पुन्हा ढकललं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मी त्या अर्ध्या तासात केलं. सातव्यांदा ती थांबली नाही. तिचा तळवा तोंडावर बसला आणि माझा ओठ फुटला. ती घाबरून पाणी आणायला धावली. मला बरं वाटलं, आणि रडूही आलं.

आता ती सकाळी निघते आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं. काळजी गेली नाही, ती जायची नाही. गावाकडून निघून आलेल्या मुलींनो, तुमचीही गेली नसेल.

घर कुठलं विचारलं तर मी अजून तीर्थपुरीच सांगते. पण संध्याकाळी दोघी खोलीत आलो, दोन्ही कड्या लावल्या की करुणा पोछ्याचा दांडा घेते, मी छत्री. कॉट भिंतीला सरकवून चार पावलांपुरती जागा होते. सलामी देतो, बाबांचे पवित्रे करतो. काल तिचा दांडा माझ्या डाव्या हातावरच्या व्रणाला टेकला.

"टेकली," मी म्हणाले.

ती थांबली. मी हात खाली सोडले.