‘इतर’ नावाचा खांब

पालघरला सुनावणीसाठी निघायची वेळ झाली तरी शेजारच्या माहीमची हंसा घरातच येरझारा घालत होती. खाडीच्या तोंडाशी सांडपाण्याची पाइप येणार होती. तिथे कोणकोणती मासळी मिळते हे साहेबांना दाखवायचं, म्हणून तिने वर्षभर बंदरावर एकेका होडीवाल्याला अडवून विचारलं होतं, कुणाकुणाशी भांडलीही होती. भाची भाविकाने त्याचा आलेख काढला होता. बोंबील, करंदी, मांदेलीचे उंच खांब आणि शेवटी एक बुटका: ‘इतर’.

“खरबी कुठं हाय? पालू, नगली?”

“त्याच्यात. आत्या, ती कधीतरीच मिळालीत. वेगळी काढली तर दिसतच नाय.”

“पाइप आली तर पयली तीच जातील. तू आताच गाडलीस त्यांना.”

“तू बाजारात काय करतेस गं? उरलेल्या एकेका माशाचा मिसळ वाटाच लावतेस ना?”

हंसाला ते झोंबलं. त्या वाट्यातल्या माशाचं नाव गिऱ्हाइकाने विचारलं, की ती “गोड लागतंय, घे” म्हणून मोकळी व्हायची.

“मोठ्यांचा कागद वेगळा ठेव,” ती म्हणाली. “बारक्यांचा दुसरा कर. नाव लिही आणि जितक्यांदा मिळाला तितके ठिपके दे.”

“लांबलचक होईल. साहेब वाचणार नायत.”

“मी वाचून दाखवीन. बसतील गुमान.”

बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. हंसाने त्याला हातानेच थोपवलं आणि उभ्या उभ्या एकेक नाव सांगायला लागली.