पिवळी झोळी

काटेताईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फक्त ऑफिसचं हजेरीपत्रक उरलं होतं. तान्ह्या बाळांचं वजन करायचा लटकता काटा आणि त्याला अडकवून बाळाला बसवायची झोळी पिशवीत घालून बावीस वर्षं त्या घरोघर हिंडत होत्या, म्हणून सगळ्यांच्या त्या काटेताई. निवृत्त नवरा घरी बसून शब्दकोडी सोडवायचा आणि मधूनच मान वर करून म्हणायचा, "जगाच्या पोरांची वजनं करता करता स्वतःच्या वजनाकडे दुर्लक्ष झालं हो तुमचं." त्यावर काटेताई पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवत म्हणायच्या, "तुम्ही या झोळीत मावत नाही म्हणून वाचलात!"

काम वरून बघणाऱ्याला सोपं वाटे. बाईला सहावा महिना लागला की तिच्या घरी जायला सुरुवात करायची, ते मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, आणि प्रत्येक वेळी त्याच बाईनं. वजन करायचं, बाळाला उलटसुलट बघायचं, गप्पा मारायच्या. खरं काम असायचं ते त्या गप्पांच्या पोटात. आई बाळाच्या डोळ्यांत बघते का, बाळ रडलं की काय करते, आणि रडं थांबलंच नाही तर तिचं स्वतःचं काय होतं, हे सगळं चहा पिता पिता बघायचं. आरोग्य केंद्राच्या मॅडम नव्याने लागलेल्या मुलींना सांगायच्या, "पोलिओचे थेंब देताना आपण घरं निवडतो का? सगळ्यांना देतो ना? हेही तसंच. मोठेपणी मन मोडलं की डॉक्टर लागतात. आपण त्याच्या आधी जायचं, मन घडत असतं तेव्हा."

मंगळवारी अकराचं घर होतं तिसऱ्या मजल्यावरच्या पडदेवालीचं. ही घरी पडदे शिवून द्यायची. पंचविशीची पोर, हात असा साफ की मीटरभर सरळ शिवण डोळे झाकून मारेल. बाळाचा बाप लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. तिच्या फाइलवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, व्यक्तिमत्त्व विकार. काटेताईंना तो शब्द कुलूप लावलेल्या कपाटासारखा वाटायचा. त्या मनाशी म्हणायच्या, या पोरीला कातडीच नाही, नुसता वारा लागला तरी झोंबतो.

कातडी यायची कुठून? ती तीन वर्षांची असताना तिच्या आईने तिला मावशीकडे सोडलं होतं, "दोन दिवसांत येते हं" असं सांगून. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. मावशीने आत्याकडे दिलं, आत्याने आणखी कुणाकडे, आणि शेवटी वसतिगृह. अशी सहा घरं ती बोटांवर मोजून दाखवायची, बसचे थांबे सांगावेत तशी. मग मोठेपणी कुणी पाच मिनिटं उशिरा आलं की हिनं त्याच्याशी जन्माचा अबोला धरलाच. एका मंगळवारी, "ताई, तुम्ही माझी आईच आहात." पुढच्या मंगळवारी, "पगार मिळतो म्हणून येता, मला कळत नाही का?" काटेताईंनी दोन्ही मंगळवारी सारख्याच चवीनं चहा प्यायला.

आणि बाळ रडलं की ही कानांवर हात ठेवायची. "बघा, मुद्दाम छळते मला."

"अगं, चार महिन्यांच्या जिवाला मुद्दाम म्हणजे काय ते कळत असतं, तर मी तिला आमच्या ऑफिसात चिकटवली असती," काटेताई म्हणाल्या. "तिला एवढंच विचारायचंय, कुणी आहे का म्हणून. तू फक्त म्हण, आहे मी."

"बस? एवढंच?"

"एवढंच. पण दर वेळी."

पहिले काही दिवस ती ते शाळेतल्या नाटकातल्यासारखं म्हणायची, बाळाकडे न बघताच. पण म्हणायची. एका मंगळवारी काटेताई गेल्या तर तिने ऑफिसची खरखरीत झोळी बाजूला टाकली आणि पडद्याच्या उरलेल्या कापडाची स्वतः शिवलेली पिवळी झोळी काट्याला अडकवली. मऊसूत, कडेला दुहेरी शिवण. "माझी लेक गोणपाटात बसणार नाही," ती म्हणाली. तेव्हापासून ती झोळी तिच्याकडेच असायची आणि काटा काटेताईंच्या पिशवीत. निघताना काटेताई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून न चुकता म्हणायच्या, "मंगळवारी, अकराला." असं वर्षभर चाललं. बाळ नऊ महिन्यांचं झालं.

आणि मग काटेताईंनीच घोळ घातला.

एका सोमवारी संध्याकाळी अचानक निरोप आला, उद्यापासून तीन दिवस प्रशिक्षण. पडदेवालीला फोन करावा असं मनात येऊन गेलंही. पण मग वाटलं, नवी मुलगी गोड आहे, तिला पाठवते, ती सांगेल समजावून. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'लहानपणी जिला सोडून गेले, त्या आईला न सांगता कधीही सोडू नका.' काटेताई ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेत होत्या. 'कधीही'पाशी पेन थांबलं. त्यांनी घड्याळ बघितलं. मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं.

नवी मुलगी डोळे पुसतच परत आली होती. पडदेवाली तिच्या तोंडावर दार आपटताना एवढंच म्हणाली होती, "मला आता हिच्या हवाली केलं का?"

पुढच्या मंगळवारी काटेताई स्वतः गेल्या. बेल वाजवली. आतलं शिलाई मशीन थांबलं.

"कोण?"

"मी गं."

"मी कोण?"

"काटेताई."

"त्या गेल्या." मशीन पुन्हा सुरू झालं.

"अगं, प्रशिक्षण होतं, अचानक निरोप आला..."

"सगळ्यांना कामंच असतात," आतून आवाज आला. "माझ्या आईलाही काम होतं."

ऑफिसात तक्त्यावर तिच्यापुढे दोनदा लिहिलं गेलं, 'दार बंद'. तिसऱ्यांदा लिहिलं की फाइल बालसंरक्षण खात्याकडे द्यायची, असा नियम होता. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याही जिवावर येतंय. पण आत नऊ महिन्यांचं मूल आहे, आणि ते कसं आहे हे दोन आठवडे आपल्यापैकी कुणी बघितलेलं नाही. ते लोक येतील, प्रश्न विचारतील, आणि ही त्यांच्यासमोर कशी वागेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मूल उचलतील."

"उचलतीलच असं नाही. पण उचलू शकतात."

"आईची सहा घरं झाली," काटेताई म्हणाल्या, "आता लेकीचं पहिलं."

तिसऱ्या मंगळवारी त्या पावणेअकरालाच जिन्यावर पोचल्या आणि घड्याळात अकरा होईपर्यंत थांबल्या. बेल वाजवली. मशीन थांबलं. या वेळी "कोण" असंही कुणी विचारलं नाही.

"मी कारण सांगायला आले नाही," काटेताई दाराशी बोलल्या. "माझं चुकलं. तुला न सांगता मी दुसरीला पाठवलं. मी साडेअकरापर्यंत इथंच पायरीवर बसणार आहे. उठेन तेव्हा सांगून उठेन."

आणि गुडघे धरत त्या खरंच बसल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी कठड्यावरून मान वर केली. "उघडत नाही का? मी चढवू का चार आवाज?"

"नको हो आजी. आवाज चढवणारे तिला आजवर भरपूर भेटलेत."

"मग तुम्ही नुसत्याच बसणार?"

"नुसतीच बसणार."

"पगारी काम दिसतंय," आजी म्हणाल्या, पण आत जाऊन त्यांनी बसायला एक जुनी उशी आणून दिली.

सव्वाअकराला आत बाळ रडायला लागलं. मशीन चालूच. रडं चढत गेलं. मशीन थांबेना. काटेताईंनी पिशवी छातीशी धरली. मांडीवर तक्ता होता, तक्त्यात तिसरा चौकोन कोरा होता, आणि पेन खिशाबाहेर काढायचा त्यांना धीर होईना.

मशीन थांबलं. पावलं वाजली.

"आहे मी," आतून आवाज आला. "आहे गं. बघ इकडे. कुठं गेलेय मी? इथंच आहे ना?"

या वेळी ते शाळेतलं नाटक नव्हतं. बाळ हुंदके देत देत गप्प झालं. काटेताईंनी चष्मा पुसला. हे तक्त्यात भरायला रकानाच नव्हता.

साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना त्या म्हणाल्या, "दोन मिनिटांनी उठते गं."

साखळी खडखडली. दार चार बोटं उघडलं. फटीतून सुईनं टोचलेल्या बोटांचा एक हात बाहेर आला.

"काटा द्या."

"अं?"

"झोळी माझ्याकडे आहे. मी करते वजन. तुम्ही बाहेरच बसा."

काटेताईंनी मुकाट्यानं काटा दिला. फटीतून पिवळं काही हललं, मग आतल्या चौकटीच्या हुकाला काटा अडकवल्याचा आवाज आला, मग बाळाचं खिदळणं.

"सात किलो आठशे!" पडदेवाली आतून ओरडली, भांडावं तशी. "गेल्या वेळेपेक्षा तीनशे जास्त. घ्या लिहून!"

"घेतलं," काटेताई म्हणाल्या. "आता काटा दे बाई. मला अजून चार घरं आहेत."

बाळाला कडेवर घेऊन ती फटीशी आली. बाळाने साखळी पकडली आणि चाटून बघितली.

"नाही देणार. इथंच राहील तो. पुढच्या मंगळवारी न्या." आणि जरा थांबून, "न्यायला तर याल ना?"

काटेताईंनी फटीतून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "मंगळवारी, अकराला."

त्या दिवशी उरलेल्या चारही घरी काटेताई बिनकाट्याच्या गेल्या. लोकांनी यथेच्छ थट्टा केली. ऑफिसात मॅडमनी कपाळाला हात लावला. "ऑफिसचा काटा देऊन आलात? काय लिहायचं मी?" मग तक्ता ओढून घेऊन त्या वाचायला लागल्या. 'दार' या रकान्यात लिहिलं होतं, 'चार बोटं उघडं'. वजन सात किलो आठशे. 'वजन कोणी केले' याच्यापुढे गेली बावीस वर्षं एकच सही असायची. तिथं काटेताईंनी लिहिलं होतं, 'आईने'.

मॅडमनी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. खाली सही केली, आणि कपाटाच्या तळातला जुना, पत्र्याचा, धोंड्यासारखा जड काटा काढून दिला. "आठवडाभर हा वाहा आता. शिक्षा समजा."

पुढच्या सोमवारी संध्याकाळी काटेताईंनी फोन केला. "उद्या अकराला येतेय गं."

"माहितेय," पलीकडून तुटक उत्तर आलं, आणि फोन बंद.

नवऱ्याने कोड्यातून मान वर केली. "काय झालं? कोण?"

"चिडलीये अजून," काटेताई दुखरा खांदा चोळत म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "पण माहितेय म्हणाली."