माझं एकमेव स्वतःचं वाक्य

अमेरिकेत अर्विंगला राहून मी सिव्हिलचं मास्टर्स करत होते, तेव्हाची गोष्ट. पहिल्याच सेमिस्टरला कडक उन्हातल्या काँक्रीटवर पेपर लिहायचा होता. जळगावच्या कॉलेजात आम्ही सीनियरची फाईल समोर ठेवून जर्नल उतरवायचो. त्याला कुणी चोरी म्हणत नसे. त्याच सवयीनं मी चार लेखांतले परिच्छेद जोडले आणि पेपर झकास झाला म्हणून खूशही झाले.

प्रोफेसर बाईंनी ऑफिसात बोलावलं. स्क्रीनवर माझा पेपर होता, जवळजवळ सगळा लाल. "दुसऱ्याचं आहे ते लाल," त्या म्हणाल्या. ॲडमिशन, व्हिसा, सगळं डोळ्यांसमोर आलं.

तेवढ्यात लाल न झालेल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे कुठून घेतलंस?"

"कुठूनच नाही. माझे बाबा साइटवर सुपरवायझर आहेत. ते कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात आणि त्यावर तळहात दाबून बघतात. हात ओला झाला नाही, तर पुन्हा पाणी."

त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "मग त्यांचं नाव का नाही दिलंस? तेही सोर्सच. त्यांची मुलाखत घे, संदर्भांत लिही. आठवडा देते. लेखी ताकीद मात्र मिळेल."

बाबा आणि सोर्स! बसस्टॉपपर्यंत मी अक्षरशः पळत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला; तिकडे ते नुकतेच साइटवरून आले होते.

"बाबा, पेपरसाठी तुमची मुलाखत घ्यायचीय."

"माझी? अगं, मी साधा डिप्लोमावाला."

"बोला हो!"

मग तासभर ते थांबेचनात. वैशाखात स्लॅब पहाटेच का टाकायचा, त्यावर मातीचे बांध घालून आळी करून पाणी कसं साठवायचं... लिहून लिहून माझा हात दुखायला लागला. ते चार लेख मी पुन्हा काढले, पण या वेळी बाबांचं म्हणणं शेजारी ठेवून. एका लेखात गोणपाटापेक्षा ओल टिकवायला फवारायचं रसायन बरं म्हटलं होतं. बाबांना ते फक्त पाणीटंचाईत पटत होतं. कोण काय म्हणतं ते लिहिलं, आणि मला काय वाटतं तेही. मजा आली!

बी प्लस मिळाला. संदर्भयादीचा फोटो बाबांना पाठवला, तर लगेच फोन.

"आडनाव आधी का गं?"

"तशीच पद्धत आहे."

"असू दे, असू दे. आणि ऐक, एक सांगायचं राहिलंच..."

"बाबा, पेपर देऊन झालाय!"

ते ऐकतात कुठे!