वहिनीची सढळ रेघ

माझी वहिनी दिवसभर रेघा ओढते आणि त्याचा तिला पगार मिळतो, असं मी ज्याला त्याला सांगायचो. तिला ते मुळीच आवडायचं नाही, म्हणून जरा जास्तच सांगायचो.

हॉस्पिटलच्या तळघरात, बिनखिडकीच्या खोलीत ती दोन पडद्यांसमोर बसते. छातीच्या स्कॅनचे काप एकामागून एक समोर येतात आणि प्रत्येक कापावर गाठीची कड पेनाने आखायची असते. आखलेली गाठ मग संगणक वाचतो. हजारो जुन्या रुग्णांच्या गाठी आणि त्यांचे निकाल त्याला शिकवलेले आहेत. त्यावरून नव्या गाठीच्या जनुकात ठराविक बदल असण्याची शक्यता किती, ते तो टक्क्यांत सांगतो. बदल असेल तर रोजच्या एका गोळीने गाठ आटोक्यात राहते. नसेल तर ती गोळी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या खोलीचा एक कडक नियम आहे. स्कॅनवर नाव नसतं, नुसता नंबर. तरीही माणूस ओळखीचा वाटला तर पेन खाली ठेवायचं आणि काम शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे द्यायचं. वहिनीने अकरा वर्षांत हा नियम एकदाच मोडला.

मी कुलपं दुरुस्त करतो. जन्मात विडीला हात लावला नाही, तरी गाठ माझ्याच फुप्फुसात निघाली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तुकडा काढायला सुई घातली तर फुप्फुसच बसलं. सहा दिवस बरगड्यांत नळी घेऊन पडून होतो, आणि एवढं करून तुकडा तपासणीला पुरला नाही. रक्तातही काही सापडलं नाही. पुन्हा सुई म्हटलं की माझे हातपाय गार पडायचे.

म्हणून स्कॅन संगणकाकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "एरवी नुसत्या स्कॅनवरून मी औषध देत नाही. पण तो एक्क्याण्णव टक्के म्हणतोय. तुमचा जीव पुन्हा धोक्यात घालण्यापेक्षा सोमवारपासून गोळी सुरू करू."

त्या रात्री मी दोन महिन्यांनी पोटभर जेवलो. वहिनीच्या ताटातलं अन्न तसंच राहिलं.

रविवारी दुपारी ती दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"भाऊजी, तुमची गाठ मीच आखली."

"मग काय झालं? सगळ्यांच्या तुम्हीच आखता."

"पाचव्या कापालाच तुम्हाला ओळखलं मी. शिडीवरून पडल्यावर वाकडी जुळलेली ती बरगडी. तेव्हाच पेन ठेवायला हवं होतं."

"नाही ठेवलंत?"

"नाही. गाठीभोवती थोडं धुरकट होतं. तसलं दिसलं की संगणक 'बदल आहे' म्हणण्याकडे झुकतो, हे मला माहीत आहे. ते सुईनंतर साचलेलं रक्तही असू शकतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी ते बाहेर ठेवलं असतं. तुमचं सगळं आत घेतलं. ठरवून नाही हो केलं. हात सढळ सुटला."

"कुणाला बोललात?"

"उद्या सकाळी डॉक्टरांना सांगणार. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं."

"नका सांगू. उद्या मला गोळी मिळतेय. तुम्ही गप्प बसलात तर कुणाचं काय बिघडतंय?"

"तुमचं," ती म्हणाली.

मी हातातली कानस टेबलावर आपटली आणि तिला दुकानाबाहेर काढलं. थोरल्या भावाच्या बायकोला. आजही आठवलं की लाज वाटते.

सोमवारी गोळी आली नाही. डॉक्टरांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काही न सांगता-कळवता, नुसत्या नंबरावर गाठ नव्याने आखून घेतली आणि संगणक त्रेपन्न टक्क्यांवर आला. त्रेपन्नाच्या भरवशावर कोण औषध देणार? वहिनीला आखणीच्या कामावरून काढून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. माझ्यापुढे पुन्हा सुई उभी राहिली.

"श्वास रोखा, हलू नका," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी मनातल्या मनात वहिनीला नको नको ते बोललो. सुई निघाली. नळीची तयारी करून दोघं माझ्याकडे बघत उभे होते. तासाभराने छातीचा फोटो काढला. फुप्फुस जागेवर होतं.

निकालाच्या दिवशी दादा, वहिनी आणि मी, तिघंही डॉक्टरांसमोर बसलो. तिच्याशी अबोला धरून मला नऊ दिवस झाले होते. डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि दोनदा वाचलं.

"बदल नाही. गोळी दिली असती तर पुढच्या स्कॅनपर्यंत तीन महिने तुम्ही ती गिळत राहिला असतात आणि गाठ वाढत राहिली असती. आता सलाइनमधून औषध द्यायचं. आपण वेळेत आहोत."

दादाने वहिनीचा हात धरला. "तू वाचवलंस त्याला," तो म्हणाला.

तिला रडू आवरेना. "मला वाटत होतं, माझी ती सढळ रेघच बरोबर निघावी," ती कशीबशी म्हणाली. "रोज तेच मागत होते."

स्वतःची शंका खरी ठरली म्हणून इतकं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. नऊ दिवसांचा माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "डॉक्टर काय सांगतायत ते तुम्हीच नीट ऐकून घ्या. मला काही सुचत नाहीये."

तिने नाक पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "पहिलं सलाइन कधी?"