बिनबुंदीची तबकडी

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी मी मिरजगावच्या शाळेत मास्तर होतो. बाजारच्या दिवशी लिंबाखाली बसणाऱ्या एका न्हाव्याकडून दाढी करून घ्यायचो. तो लग्नांत सनईही वाजवायचा. वस्तरा चालवतानाही सनईची पत्ती तोंडात भिजत ठेवायचा, त्यामुळे न्हावी असून गप्प असायचा.

एकदा माझा एकच गाल झाला होता, तेवढ्यात मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस न बोलावता उगवला. छापील करार पुढे धरून म्हणाला, "उस्ताद, फक्त तीन मिनिटं वाजवा. तुमची तबकडी काढतो."

न्हाव्याने पत्ती तोंडातून काढली. "तीन मिन्टांत माजी पत्तीबी भिजत न्हाई."

"अहो, पण तुम्ही न जाता गावोगावच्या लग्नांत तुमची सनई वाजेल!"

वस्तरा माझ्या गळ्यावर थांबला. मीही श्वास रोखला.

"मी न जाता? मंग माज्या वाटची बुंदी कोन खानार? तुमची तबकडी?"

आणि वस्तऱ्याचा फेस त्याने त्या करारालाच पुसला.

पुढे नगरच्या एका लग्नात ग्रामोफोनच्या पेटीवर दुसऱ्याच कुणाच्या तबकडीवरची सनई ऐकली. सूर चोख होता. पण पंगत बसली तेव्हा त्या पेटीला "चला, बसा हो" म्हणायला कुणी आलं नाही.